चार महिने मी बाहेर बसले नाही

माझा भाऊ मला त्या गावात सोडून त्याच भाड्याच्या बंडीनं परत निघाला, तेव्हा ऊन अजून डोक्यावरही आलं नव्हतं. पाणी प्यायलासुद्धा थांबला नाही. "बैलायले उशीर होते," म्हणाला. बैलांना कसला आलाय उशीर? वहिनीनं सांगून धाडलं असणार, सोड आणि ये. बंडीत चढताना मात्र तो मागं वळला. "नाई जमलं तं चिठ्ठी टाक. येतो मी न्यायले," म्हणाला. मी म्हटलं, "जमते. तू जाय आता." बंडी सागाच्या झाडांमागं गेली आणि मी माझी पेटी ओढत आत नेली.

तेवीस वर्षांची होते मी. ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या मुलखातली, माणसांनी गच्च भरलेल्या घरातली. तोवर आयुष्यात एक दिवसही एकटी राहिले नव्हते. पंधराव्या वर्षी लग्न झालं. पाच वर्षं सासरी राबले, मूल झालं नाही, नवऱ्यानं दुसरी आणली आणि मला भावाच्या दारात आणून सोडलं. भाऊ वाईट नव्हता. वहिनीसुद्धा तोंडानं गोड होती. पण शेजारी कुठं बारसं असलं की ती म्हणायची, "तुमी घरीच राहा बाई, घर उघडं टाकता येत नाई." सगळं गाव बारशाला आणि मी घर राखत. तान्ह्या लेकरावर वांझोटीची नजर पडू नये, एवढाच त्याचा अर्थ. तोंडावर कुणी बोललं असतं तर मी चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. गोड बोलण्याला काय उत्तर देणार?

दोन वर्षांनी माझ्यासाठी एक स्थळ आलं. पन्नाशीचा विधुर, घरात चार लेकरं. "त्याले आता पोरं नाई पायजेत, तुमचं जमून जाईन," वहिनी म्हणाली. त्याच आठवड्यात मी चांद्याला जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईचा पदर धरला आणि तिथं दाईच्या शिक्षणाला नाव घातलं. जिला स्वतःला झालं नाही ती लोकांची बाळंतपणं करणार, म्हणून गाव तोंडाला पदर लावून हसलं. मी ईर्ष्येनं शिकले. शिकून झाल्यावर मला पाठवलं ते आलापल्लीच्याही पलीकडं, जंगलातल्या माडिया लोकांच्या पंचवीस-तीस घरांच्या गावात. तिथं दाईचं केंद्र नवीनच उघडलं होतं. केंद्र म्हणजे कवेलूंच्या छपराची एक खोली, एक बाकडं, औषधांचं एक कपाट आणि मी.

निघताना मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं. "ते लोक दवाखान्याच्या बाईला जवळ येऊ देत नाहीत. शिमग्याला मी फेरीवर येईन. तोपर्यंत तुमच्या हातून एक तरी बाळंतपण झालेलं पाहिजे. नाहीतर केंद्र बंद करून तुम्हाला घरी पाठवावं लागेल." घरी म्हणजे त्या पन्नाशीच्या माणसाच्या घरी, हे त्यांना काय माहीत! मी म्हटलं, "होईल साहेब." दिवाळी नुकतीच झाली होती. चार महिन्यांत गावात एक तरी पोर जन्माला येईलच की, असा माझा सरळ हिशेब होता.

पहिले पंधरा दिवस माझा भात रोज उरायचा. बारा माणसांच्या घरात वाढलेला हात तो, एकटीपुरते मूठभर तांदूळ घालायला धजेना. उरलेला दुसऱ्या दिवशी खायचा, त्यातलाही उरायचा. बोलायला माणूस नाही. गावची भाषा माडिया, मला त्यातलं ओ की ठो कळेना. बायका दिसल्या की हसायच्या, मी हसायची, संपलं बोलणं. शेजारच्या घरात एक म्हातारी होती, मुलगा-सुनेबरोबर राहायची, बायकांत तिला तेवढी मराठी यायची. तरुणपणी ती नवऱ्याबरोबर आलापल्लीच्या लाकडाच्या डेपोवर कामाला होती, तिथं शिकलेली. पण तिला बोलायची हौस नव्हती. सकाळी माझ्या दारासमोरून जाताना "हायेस का?" विचारायची आणि उत्तराची वाट न बघता पुढं जायची. माझ्या भाषेतला दिवसभरातला तेवढाच एक शब्द.

मी चुलीशी भांडायला लागले. ओल्या लाकडाला शिव्या दिल्या, मांजराला जाब विचारला. एकदा दुपारी मी वहिनीच्या आवाजात स्वतःला टोमणे मारत होते आणि माझ्या आवाजात त्यांना उत्तरं देत होते. लक्षात आलं तशी मी उठून दाराबाहेर आले. वेड लागायला असंच सुरू होत असेल, असं मला वाटलं.

त्या एकटेपणानं एक गोष्ट मात्र मला दिली आणि तिचा मला चोरटा आनंद होता. आमच्याकडं पाळी आली की बाई चार दिवस बाहेर बसायची. ओसरीच्या कोपऱ्यात गोणपाट, वेगळी थाळी, कशाला शिवायचं नाही. इथं मी बाहेर बसले तर चूल कोण पेटवणार? पाणी कोण आणणार? पहिल्या महिन्यात मी अर्धा दिवस खरोखरच उपाशी कोपऱ्यात बसून राहिले. मग चिडून उठले आणि भात टाकला. काही झालं नाही. दवाखान्यात आम्हाला शिकवलंच होतं की यात विटाळ वगैरे काही नसतो, पण शिकणं वेगळं आणि त्या दिवसात स्वतःच्या हातानं चूल पेटवणं वेगळं. नाल्याच्या वाळूत खोदलेल्या झिऱ्यावरून मी पाणीही भरून आणलं. धुतलेल्या चिंध्या बाहेर दोरीवर टाकायची तेवढी हिंमत झाली नाही. आईनं लहानपणापासून शिकवलेलं, त्या कुणाच्या नजरेला पडता कामा नयेत. त्या मी घरातच चुलीवरच्या बांबूवर वाळवल्या.

गावाच्या कडेला एक बुटकी झोपडी होती. तिला कुरमाघर म्हणायचे. गावातल्या बायका पाळीच्या दिवसांत तिथं जाऊन राहायच्या. आज ही गेली, उद्या ती परत आली, मी येता-जाता बघत होते. पण ते त्यांचं. मी बाहेरची, दवाखान्याची बाई. माझ्याकडं कोण बघतंय, असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या महिन्यात गावातल्या एका माणसाला अस्वलानं फाडलं. दुसरं कोणी जवळ नव्हतं म्हणून त्याला माझ्याकडं उचलून आणलं. मी बाळंतपणं शिकलेली बाई, असल्या जखमा कधी पाहिल्याही नव्हत्या. तरी धुतल्या, बांधल्या, जवळ होतं ते औषध दिलं. तेव्हा माझे तेच दिवस चालू होते. तिसऱ्या दिवशी तो गेला. अस्वलाच्या नखांनी गेला, दुसऱ्या कशानं नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरीही त्या दिवशी चुलीवरच्या चिंध्या काढून मी पेटीच्या तळाशी दडवल्या. गावाला कळलं तर काय म्हणतील, हा विचार तेव्हापासून डोक्यातून गेला नाही.

पौषापासून गावाचं वागणं बदललं. झिऱ्यावर मी पाण्याची गुंडी भरली की कुणीतरी बाई पुढं यायची, माझ्या हातातून गुंडी काढून घ्यायची आणि माझ्या दारात आणून ठेवायची. मी नको म्हटलं तर नुसती मान हलवायची. मला वाटलं, माझ्या हातचं पाणी वाटेत सांडलेलं यांना चालत नसेल. बायकांचं हसणं कमी झालं. मी दिसले की त्या हळू आवाजात बोलायच्या आणि माझ्या तोंडाकडं न बघता माझ्या लुगड्याच्या निऱ्यांकडं बघायच्या. एक दिवस सकाळी उंबऱ्यावर कुणीतरी चिंचा ठेवलेल्या होत्या. चांगल्या मूठभर, सोललेल्या. मी घाबरले. करणी-बिरणी असेल म्हणून काठीनं त्या दूर ढकलल्या आणि उंबरा सारवून काढला.

माघात गावात एक बाळंतपण निघालं. ओरडणं ऐकू आलं तशी मी पिशवी घेऊन धावत गेले. ज्याची वाट बघत होते ते समोर आलं होतं. त्या घराच्या मागं बाळंतिणीसाठी खोप केली होती, तिच्या तोंडाशी दोन बायका हात पसरून आडव्या उभ्या राहिल्या. मी पिशवी दाखवली, हातवारे केले, पाया पडायचंच काय ते बाकी राहिलं. एकीनं माझे खांदे धरून मला हळूच मागं फिरवलं. आतून शेजारच्या म्हातारीचा आवाज आला, "तू नोको येऊ. दूर राहा तू."

दूर राहा. हे शब्द मी ओळखत होते. वहिनी गोड बोलायची, ही सरळ बोलली, एवढाच फरक. मला त्या दारात उभं राहूनच सगळं कळलं, म्हणजे मला तसं वाटलं. सोडायला आला तेव्हा भाऊ गावच्या पाटलाशी दोन शब्द बोलला होता. त्यानंच सांगितलं असणार, बहिणीला मूल नाही, नवऱ्यानं टाकली. पाटलानं बायकोला सांगितलं, तिनं गावाला. वाटेत मी रडले नाही. घरात येऊन कडी लावली आणि मग तोंडात पदर कोंबून रडले. जिथली भाषा मला कळत नाही अशा रानात येऊन पडले, तरी माझं वांझपण माझ्या आधी तिथं पोचून बसलं होतं. मग आता जायचं तरी कुठं?

त्या महिन्यात मी नीट जेवले नाही. अंगाला खाज यावी तसा एकच विचार सारखा यायचा, मी मेले तर कुणाला कधी कळेल. म्हातारीच्या "हायेस का?"ला उत्तर आलं नाही तरी ती पुढंच जाणार. नाल्याच्या वरच्या अंगाला एक खोल डोह होता. पाण्याचं निमित्त करून मी दोनदा त्याच्या काठाशी जाऊन उभी राहिले. दोन्ही वेळा परत आले. का आले ते सांगता येणार नाही. भीती वाटली, एवढंच खरं.

शिमग्याला पंधरा दिवस राहिले. म्हातारीची सून पूर्ण दिवसांची होती. तिचं बाळंतपण डॉक्टर येण्याआधी होणार हे कुणालाही दिसत होतं, आणि भिंतीपलीकडच्या त्या बाळंतपणाला मला कुणी बोलावणार नव्हतं. मग डॉक्टरांनी येऊन हाकलण्याची वाट कशाला बघायची? एका सकाळी मी कपाटाला कुलूप लावलं, माझी टिनाची पेटी भरली, डोक्यावर घेतली आणि निघाले. लाकडाचे ट्रक जायचे तो रस्ता चार कोसांवर होता. त्या विधुराच्या चार लेकरांसाठी भात शिजवायचा असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. निदान तिथं भात उरला नसता.

गावाबाहेर पडते न पडते तोच मागून कुणीतरी धावत येत असल्याचं ऐकलं. शेजारची म्हातारी होती. धापा टाकत आली आणि तिनं माझ्या डोक्यावरची पेटी ओढली. मी सोडेना. मलाही राग होता, चार महिन्यांचा. तिनं जोरानं हिसका दिला. पेटी तिच्या हातात गेली आणि मी तोल जाऊन पालथी पडले. कोपर सोलवटलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. पेटी टाकून ती माझ्याजवळ बसली आणि माझ्या पोटाला हात लावून बघायला लागली.

"लागलं का? पोटाले लागलं का?"

"पोटाले कशाले? हाताले लागलं."

"पोटात लेकरू अन् डोस्क्यावर पेटी," ती म्हणाली. "मराचं हाय का तुले?"

"कोनाच्या पोटात लेकरू?"

"तुह्या."

आयुष्यात मला बायकांनी पुष्कळ काय काय म्हटलं होतं, हे कुणी म्हटलं नव्हतं. म्हातारीनं मला बोटं मोडून दाखवली. चार चांद झाले तुला येऊन. एकदासुद्धा कुरमाघरात बसली नाहीस. मग दुसरं काय असणार? गावातल्या सगळ्या बायकांनी मोजलं होतं. नवरा जवळ नाही, म्हणजे काहीतरी दुःख असेल, म्हणून कुणी विचारलं नाही. गुंडी उचलू दिली नाही ती त्यासाठी. चिंचा ठेवल्या त्या त्यासाठी.

"मंग बाळंतपणाले काऊन येऊ नाई देलं मले?"

"पोटुशी बाई बाळंतिणीपाशी जात नाई," ती म्हणाली. "एक लेकरू दुसऱ्याले ओढते. तुह्या लेकराले काही झालं असतं तं?"

तिथं रस्त्यावर, धुळीत बसून, मला हसू आलं की रडू हे आज सांगता येत नाही. वांझोटी म्हणून लोकांनी मला बाळापासून लांब ठेवलं होतं, ते मला पाठ होतं. माझ्या बाळासाठी कुणी मला लांब ठेवेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"नाई व," मी म्हटलं. "पोटात काही नाई माह्या."

"मंग काऊन नाई बसली कुरम्यात?"

मी कोपराची धूळ पुसू लागले. काय सांगणार? की मी दर महिन्याला बसायला हवं होतं आणि बसले नाही. त्या दिवसात तुमच्या झिऱ्यात गुंडी बुडवली, तुमच्या देवाच्या झाडाखालून ये-जा केली, तुमच्या लेकरांच्या हातावर गोळ्या ठेवल्या. अस्वलानं फाडलेल्या माणसाला त्या दिवसात हात लावला आणि तो मेला. हे सांगितल्यावर त्या गावात माझं काय झालं असतं, आणि माझ्यानंतर येणाऱ्या दुसऱ्या दाईचंही? म्हातारी माझ्या तोंडाकडं बघत उत्तराची वाट बघत होती. मी मान खाली घातली. तिनं तिला हवं ते उत्तर घेतलं. पेटी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि मला पुढं घालून गावात परत आणलं.

पाचव्या दिवशी मला पाळी आली. सकाळीच. मी चुलीपुढं बसून विचार केला. पुन्हा लपवलं तर मी पोटुशीच राहणार आणि सुनेच्या खोपीत मला पाऊल टाकता येणार नाही. डॉक्टर येणार, बघणार, केंद्र बंद. आज उघडपणे कुरमाघरात गेले तर सगळ्या गावाला दिसेल की हिच्या पोटात काही नाही. चार महिन्यांचं विचारलं तर म्हणेन, रानातल्या हवेनं थांबली होती, होतं असं कधीकधी. एवढं साधं मला वाटत होतं. दाईचं शिक्षण घेतलेली मी, आणि पुढचं मला दिसलं नाही.

घोंगडी खांद्यावर टाकून मी दिवसाउजेडी गावातून चालत गेले. मुद्दाम सगळ्यांना दिसेल अशी. एका घराच्या अंगणात बाई सूप पाखडत होती, तिनं मला कुरमाघराकडं वळताना पाहिलं आणि सूप तिच्या हातातून पडलं. तिनं दुसरीला हाक मारली. मी झोपडीत वाकून शिरले, तिथं आधीच एक तरुण बाई होती, तिनं माझ्याकडं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. मग बाहेर रडणं सुरू झालं. माणूस गेल्यावर बायका रडतात तसं, सूर धरून. मला वाटलं गावात कुणी गेलं.

म्हातारी दारात येऊन बसली. ती स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत होती. "मी ओढली तुले," ती म्हणाली. "माह्या हातानं पाडली."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी त्यांना रिकामं पोट दाखवायला गेले होते. त्यांना दिसलं ते गेलेलं लेकरू.

त्या क्षणी सांगायला हवं होतं. हे मी आज म्हणते, जेव्हा मला कुणी कुठून हाकलू शकत नाही. तेव्हा माझ्या अंगात नुसती भीती होती. आतली तरुण बाई सरकून माझ्याजवळ आली आणि तिनं माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. एका शब्दाची ओळख नाही, आणि तिनं माझ्या केसांतून हात फिरवला. चार महिन्यांत मला माणसाचा असा हात लागला नव्हता. चार महिने कशाला, लग्न झाल्यापासून लागला नव्हता. मला जे रडू फुटलं ते आवरेना. त्या बायकांना वाटलं लेकरासाठी रडते. सुरुवातीला मी कशासाठी रडत होते मला माहीत नाही. नंतर मी खरोखर लेकरासाठीच रडत होते. सासरची पाच वर्षं, दर महिन्याला जे गेलं, त्याला कुणी रडलं नव्हतं. मला शिव्या दिल्या होत्या, उपास करायला लावले होते, रडलं कुणीच नव्हतं.

म्हातारीनं विचारलं, "पोरगा होता का पोरगी?"

चार महिन्यांच्या गर्भात ते कळतं का, कितपत कळतं, हे आम्हाला शिकवलेलं होतं. मी विचारही केला नाही.

"पोरगी," मी म्हटलं.

पाच दिवस मी त्या झोपडीत राहिले. रोज कुणीतरी दारात पानावर भात ठेवून जायचं. दुसऱ्याच्या हातचा शिजलेला भात मी सगळा संपवला. म्हातारी रोज यायची, बसायची आणि जाताना परत कपाळाला हात लावायची. दर वेळी ती उठून गेली की मी ठरवायची, उद्या सांगते. पाचव्या दिवशी नाल्यावर न्हाऊन मी घरी आले, तरी सांगितलं नव्हतं.

सातव्या दिवशी ती पहाटे पहाटे माझ्या दारात आली. "चाल," म्हणाली, "सून अडली." मी पिशवी घेतली. खोपीच्या तोंडाशी आज कुणी हात पसरले नाहीत. लेकराच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. बोट घालून तो सोडवला, तेवढंच माझं काम, पण ते वेळेवर झालं नसतं तर लेकरू गेलं असतं. सूर्य वर आला तेव्हा ते रडलं. मुलगी होती. पुसून, नाळ बांधून मी ती आईकडं देणार तर म्हातारीनं मध्येच घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"पयले तू घे," म्हणाली. "तुही ओटी रिकामी झाली."

आमच्या गावात बारशाच्या दिवशी मला घर राखायला बसवायचे.

शिमग्याला डॉक्टर आले. बाळंतपण झालेलं पाहून खूश झाले, कसं जमवलंत म्हणाले. मी म्हटलं, जमलं साहेब. केंद्र राहिलं. मी त्या गावात बारा वर्षं राहिले, शंभराच्या वर लेकरं माझ्या हातांवर आली, आणि दर महिन्याला मी घोंगडी घेऊन कुरमाघरात जाऊन बसले. डॉक्टरांना ते कळलं असतं तर रागावले असते. ते पाच दिवस मी कधी एकटी नसायची.

म्हातारीची नात मोठी होत गेली. तिला दात आले तेव्हा बायका मला म्हणाल्या, तुझीलाही आता आले असते. ती चालायला लागली, तेव्हाही तेच. कुणी वाईट मनानं बोलायचं नाही. त्यांच्यात गेलेल्याला असंच मोजत राहायचे. मीही मोजायला लागले. आधी त्यांच्यासमोर, मग एकटी असताना. आज पाचवं लागलं असतं. आज सहावं. तिचे नाकडोळे मला माहीत होते. हे वेडेपण म्हणा, पण चुलीशी भांडण्याचं वेडेपण त्यानंतर गेलं.

म्हातारी शेवटच्या दुखण्यात पडली ते माझ्या तिथल्या अकराव्या वर्षी. मी रोज तिच्या उशाशी बसायची. एक दिवस दुपारी तिनं नातीला बाहेर जायला सांगितलं आणि माझा हात घट्ट धरला.

"तुह्या पोरीचं माह्याच्यानं झालं," ती म्हणाली. "माफ कर मले."

दहा वर्षं ती हे घेऊन जगली होती. माझं तोंड उघडलं. आता भीती कशाचीच नव्हती, गाव माझं होतं, त्या अस्वलानं फाडलेल्या माणसाला सगळे विसरले होते. एका वाक्यात ती मोकळी झाली असती. सांगायचं होतं फक्त एवढंच, की बाई, ती पोरगी नव्हतीच. आणि ते वाक्य मला म्हणता येईना. ते म्हटलं असतं तर माझी पोरगी गेली असती.

मी म्हटलं, "माफ केलं तुले." म्हातारीनं माझा हात कपाळाला लावला आणि रडली. संध्याकाळी ती गेली.